साडेचार टक्क्यांनंतरचे आठ महिने: एक प्रकरण अभ्यास

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतला एक मध्यम कारखाना. वाहन कंपन्यांना मशिनिंग केलेले सुटे भाग पुरवतो. एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी इन्क्रिमेंटची पत्रं पोर्टलवर चढली. क्वालिटी विभागातल्या एका इंजिनिअर बाईंनी पत्र उघडलं: ४.५ टक्के. अपेक्षा दहाची होती, आणि ती हवेतून आलेली नव्हती. मागच्या ऑक्टोबरात त्यांचे साहेब म्हणाले होते, "यंदा तुमचं चांगलं होईल."

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. नाशिकच्या कारखान्यांत दर एप्रिल-मेमध्ये दिसणाऱ्या गोष्टी एका व्यक्तीभोवती एकत्र आणल्या आहेत. पगाराचे आकडे हिशेब नीट दिसावा म्हणून गोल धरले आहेत, पण कपातीचे दर आणि नियम खरे आहेत.

बाईंचं वय ३५, मेकॅनिकलचा डिप्लोमा, या कंपनीत नऊ वर्षं पूर्ण. घर पाथर्डी फाट्याला, नवऱ्याचं सिडकोत छोटं दुकान, मुलगी चौथीत. सीटीसी, म्हणजे कंपनी त्यांच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, ६ लाख.

आधी आकडा उघडायचा

नाराजी टक्क्यांत येते आणि घर रुपयांत चालतं, म्हणून पहिलं काम रुपये काढायचं. इथे बेसिक सीटीसीच्या निम्मा, म्हणजे महिना २५,०००. कंपनीचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के म्हणजे ३,००० आणि ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के म्हणजे १,२०३ रुपये. हे दोन्ही सीटीसीत मोजले जातात पण हातात येत नाहीत. उरलेल्या ४५,७९७ मधून स्वतःचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० वजा जाता हातात ४२,५९७. नव्या करप्रणालीत या उत्पन्नावर आयकर लागत नाही, त्यामुळे तो विषय नाही.

साडेचार टक्क्यांनी सीटीसी ६,२७,००० झाली. तोच हिशेब पुन्हा मांडला की हातात ४४,५२३, म्हणजे महिन्याला १,९२६ रुपये जास्त. दहा टक्के मिळाले असते तर ४६,८७७. अपेक्षा आणि वास्तव यांतला फरक महिन्याला २,३५४ रुपये.

हा आकडा पाहून "एवढंच?" असं वाटतं, आणि तिथेच बरेच सल्लागार विषय संपवतात. ते चुकीचं आहे. पुढची प्रत्येक वाढ या कमी पायावर बसणार. दोन्ही बाजूंना दरसाल आठ टक्के धरले तर पहिल्या वर्षीचा ३३,००० चा फरक पाच वर्षांत मिळून सुमारे १ लाख ९४ हजारांवर जातो. म्हणजे दुःख खोटं नाही. त्याचं माप मात्र ठरलेलं आहे, आणि माप कळलं की रात्री तीनला जाग आल्यावर डोक्यात फिरणारा आकडा बेलगाम फुगत नाही.

पत्रात आणखी तीन गोष्टी बघायच्या असतात. वाढ कोणत्या तारखेपासून लागू आणि थकबाकी कधी मिळणार. वाढलेल्या रकमेतला काही भाग व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेल्या पगारात, ढकलला आहे का. आणि बेसिकची रचना बदलली का. भत्ते फुगवून बेसिक कमी ठेवणाऱ्या कंपन्यांना वेतन संहितेतल्या व्याख्येमुळे रचना बदलावी लागते, कारण एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेलेले भत्ते वेतनात धरले जातात. मग पीएफ वाढून हातातली वाढ आणखी आक्रसू शकते. या प्रकरणात तसं काही नव्हतं. एक गोष्ट मात्र घरात सापडली. दहा टक्के मिळणारच या भरवशावर मार्चमध्येच वॉशिंग मशीन हप्त्यावर घेतलं होतं, महिना २,४०० चा हप्ता. कामावरचं मन उडालं असं ज्याला त्या म्हणत होत्या, त्यातला बराच भाग या हप्त्याचा होता. न मिळालेला पगार आधीच खर्च होतो, आणि ती तंगी ऑफिसवरचा राग म्हणून बाहेर पडते.

दुखलं नेमकं कुठे

"मोटिव्हेशन गेलं" हे निदान नव्हे. तापाला ताप म्हणण्यासारखं ते आहे. बाईंनी एका कागदावर लिहून काढलं तेव्हा चार वेगळ्या गोष्टी निघाल्या: रक्कम कमी; ऑक्टोबरचा शब्द मोडला; चौदा महिन्यांपूर्वी आलेल्या, चार वर्षांच्या अनुभवाच्या मुलाची सीटीसी ६ लाख ४० हजार; आणि पत्र पोर्टलवर टाकून कुणी दोन शब्द बोललं नाही. चारही गोष्टींचा उपाय वेगळा आहे. एकच उपाय सगळ्यांवर लावला की काहीच लागू पडत नाही.

तिसरी सगळ्यात जास्त जळते. १९६० च्या दशकात जे. स्टेसी ॲडम्स यांनी मांडलेला समन्यायाचा सिद्धांत हेच सांगतो: माणूस आपला पगार एकटा मोजत नाही, आपण घातलेलं आणि आपल्याला मिळालेलं यांचं प्रमाण शेजारच्याच्या प्रमाणाशी ताडून बघतो. प्रमाण बिघडलं की आपलं "घातलेलं" कमी करून ते सरळ करतो. म्हणून हात आखडतो. तो आळस नसतो, डोक्यातला तराजू समतोल करण्याची धडपड असते.

चौथ्या गोष्टीकडे कंपन्या सगळ्यात कमी लक्ष देतात. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे नेमका लागू पडतो. एका अमेरिकी कंपनीच्या कारखान्यांत दहा आठवडे १५ टक्के पगारकपात झाली. एका कारखान्यात कारणं नीट, आपुलकीनं समजावली. दुसऱ्यात जुजबी सांगून उरकलं. कपात तेवढीच, पण कारणं न समजावलेल्या ठिकाणी चोरीचं प्रमाण कितीतरी जास्त वाढलं. हिशेब न मिळालेला माणूस आपला हिशेब स्वतः वसूल करतो. अंबडच्या कारखान्यात कुणी चोरी करत नाही, पण फर्स्ट पीस, म्हणजे काम सुरू होतानाचा पहिला नग, तपासताना नजर सैल होते, आणि त्याची किंमत महिन्यानं ग्राहकाच्या तक्रारीत दिसते.

तीन आठवडे चुकीच्या जागी काटछाट

पत्रानंतर बाईंनी ठरवलं, आता जेवढ्यास तेवढं. निर्णय समजण्यासारखा होता, अंमल उलटा झाला. आधी बंद पडला तो त्यांनीच मार्चमध्ये सुरू केलेला बोअर गेजचा, म्हणजे भागातल्या भोकाचा व्यास मोजणाऱ्या साधनाचा अभ्यास. मग ग्राहकाच्या एका तक्रारीवरचा एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल) रेंगाळला. पहिल्या चोवीस तासांत तात्पुरत्या बंदोबस्ताचं उत्तर जायला हवं होतं, ते तिसऱ्या दिवशी गेलं. सिन्नरच्या पुरवठादाराकडची फेरी त्यांनी टाळली. पण रात्री दहाला येणाऱ्या व्हॉट्सॲपला उत्तर देणं, दुसऱ्या विभागाची प्रेझेंटेशन सजवून देणं, स्टोअरच्या नोंदी भरणं हे सगळं चालूच राहिलं. का? ती कामं समोरून मागितली जातात, नाही म्हणायला तोंड लागतं. गेजचा अभ्यास कुणी मागत नव्हतं, म्हणून तो गुपचूप सोडता आला.

याचा परिणाम बघा. ज्यातून पुढच्या वर्षी वर जाता आलं असतं आणि दुसऱ्या कंपनीत भाव आला असता ते काम थांबलं. ज्याचं कुणाला मोल नव्हतं ते टिकलं. आणि उशिरा गेलेल्या उत्तरामुळे "साडेचारच बरोबर होते" म्हणायला वरच्यांना पुरावा मिळाला. रागात हात आखडताना जवळजवळ प्रत्येक जण हीच चूक करतो, म्हणून तिच्यावर इतकं लिहिलं.

बैठक

बैठक पत्रानंतर सात ते दहा दिवसांत घ्यावी. पहिल्या तीन दिवसांत घेऊ नये; आवाज चढतो किंवा डोळे भरतात, आणि दोन्हींनंतर आकड्यांवर बोलणं होत नाही. इथे चौथा आठवडा उजाडला, तरी झाली हे महत्त्वाचं. दिवस गुरुवार, वेळ चार. सोमवारी सकाळी प्रॉडक्शन मीटिंग आणि महिनाअखेरीस डिस्पॅच, या दोन वेळी नाशिकच्या कोणत्याही प्लांटमध्ये साहेबांचं लक्ष मिळत नाही. बाईंनी आदल्या दिवशीच वीस मिनिटं मागून ठेवली आणि कॅबिनमध्ये जाऊन बसल्या. लाइनवर उभ्या उभ्या हा विषय काढला की "बघू" एवढंच उत्तर मिळतं.

त्यांनी सुरुवात अशी केली: "सर, यंदाच्या आकड्यावर वाद घालायला मी आले नाही. दोनच गोष्टी समजून घ्यायच्यात. साडेचार टक्के कशावरून ठरले, आणि पुढच्या एप्रिलला वरच्या गटात यायचं तर डिसेंबरपर्यंत माझ्या कामात काय दिसायला हवं?" आणि मग गप्प बसल्या. हे गप्प बसणं अवघड असतं. प्रश्न विचारून आपणच पुढे बोलत राहिलो तर समोरच्याला उत्तर द्यावं लागत नाही.

उत्तरात जे आलं ते त्यांना माहीतच नव्हतं. विभागात बारा जण, एकूण पगार ६६ लाख. पुण्याच्या मुख्य कार्यालयानं विभागाला सहा टक्के, म्हणजे ३ लाख ९६ हजारांचा गल्ला दिला. त्यातून दोन बढत्या झाल्या. त्या दोघांचा मिळून १३ लाख पगार, त्यावर दहा टक्क्यांनी १ लाख ३० हजार गेले. उरलेल्या दहा जणांच्या ५३ लाखांवर २ लाख ६६ हजार राहिले, म्हणजे सरासरी पाच टक्के. साडेचार हा अपमान नव्हता, सरासरीच्या जरा खालचा आकडा होता. रेटिंग "अपेक्षेप्रमाणे" असं पडलं, कारण वर्षभराचं त्यांचं काम आग विझवण्याचं होतं. आकड्यात दाखवता येईल असं एकही काम फाइलवर नव्हतं. ऑक्टोबरात शब्द द्यायला नको होता, हेही साहेबांनी मान्य केलं. तेवढ्यानं दुसरं दुखणं निम्मं हलकं झालं, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही.

नव्या मुलाचं नाव बाईंच्या ओठांवर आलं होतं. ते घेतलं नाही हे बरं झालं. सहकाऱ्याचं नाव आलं की चर्चा "तुम्हाला त्याचा पगार कुणी सांगितला" इकडे वळते. शिवाय कँटीनमधल्या आकड्यांत एक जण सीटीसी सांगतो, दुसरा हातातली रक्कम. त्याऐवजी विचारायचा प्रश्न हा: "या पदाच्या पगाराच्या बँडमध्ये, म्हणजे किमान ते कमाल पट्ट्यात, मी कुठे बसते?" कळलं की बँडचा मध्य ६ लाख ८८ हजार आहे. बाहेरून येणारा माणूस बाजारभावानं येतो आणि जुना टक्क्याटक्क्यानं चढतो, त्यामुळे नऊ वर्षांचा माणूस चार वर्षांच्याच्या खाली जातो. ही तफावत वार्षिक वाढीतून भरून निघत नाही. तिला बाजारभावाच्या दुरुस्तीचा वेगळा प्रस्ताव लागतो, तो विभागप्रमुखाला एचआरकडे पाठवावा लागतो, आणि मागितल्याशिवाय तो कुणी पाठवत नाही.

त्याच संध्याकाळी आठ ओळींची मेल गेली. वेळ दिल्याबद्दल आभार आणि बोलणं झालेली तीन मापं: बोअरच्या मोजणीत चांगले नग चुकून नाकारले जाणं कमी करणं, ग्राहकाचे एट-डी ठरल्या मुदतीत पूर्ण करणं, सिन्नरच्या पुरवठादाराची दोन ऑडिट. आढाव्याची तारीख ३१ ऑक्टोबर. साहेबांचं उत्तर आलं, "ओके". तेवढं पुरतं. उत्तर आलंच नसतं तरी मागे लागायचं नव्हतं. तीच मेल छापून पुढच्या आढाव्याला समोर ठेवायची.

कामाचे तीन ढीग

नंतर त्यांनी दोन आठवडे, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत, आपला वेळ कुठे जातो ते लिहिलं. लिहिताना तीन ढीग केले. पहिला पगाराच्या कामाचा: तपासणी, तक्रारी, ऑडिट. यात काटछाट नाही. दुसरा आपल्या स्वतःच्या भांडवलाचा, म्हणजे उद्या कंपनी सोडली तरी सोबत येणारं कौशल्य. तिसरा फुकटचं ओझं. ते आठवड्याला सात तास निघालं.

हे सात तास सोडताना एक घोटाळा झाला. माल निघताना द्यायचं तपासणी प्रमाणपत्र त्या सवयीनं स्वतःच काढत. ते एका सोमवारी डिस्पॅचवाल्यांकडे सोपवून मोकळ्या झाल्या, आणि गाडी गेटवर दोन तास अडली. ओझं टाकायचं नसतं, दुसऱ्याच्या हातात द्यायचं असतं. मग पद्धत बदलली: फॉरमॅट तयार करायचा, एक आठवडा शेजारी बसून करून घ्यायचं, मग साहेबांना एका ओळीत कळवून हात काढायचा. व्हॉट्सॲपचा नियमही सांगून ठेवला. रात्री आठनंतर लाइन थांबली असेल तरच फोन, बाकी सकाळी. पहिल्या आठवड्यात दोघांनी तोंड वाकडं केलं, तिसऱ्या आठवड्यात कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

सुटलेला वेळ बोअर गेजकडे गेला. तीन ऑपरेटर, दहा नग, प्रत्येकानं प्रत्येक नग तीनदा मोजायचा, अशी नव्वद रीडिंग. मोजमापातलीच तफावत २८ टक्के निघाली. या अभ्यासात दहाच्या आत चांगलं, दहा ते तीस कामचलाऊ, तिसाच्या वर नापास असं धरतात. म्हणजे गेज नापासच्या उंबरठ्यावर होता. नाकारलेले ४०० नग दुसऱ्या पद्धतीनं मोजले, तर १४० चांगले निघाले. कारणं साधी होती: दर ऑपरेटर गेज वेगळ्या कोनात धरत होता, आणि मास्टर रिंगवर (नेमक्या मापाच्या कडीवर) गेजचा शून्य लावणं शिफ्टला एकदाच होत होतं. गेज एकाच कोनात टेकवायला एक फिक्श्चर (आधाराचा साचा) केलं, दर दोन तासांनी शून्य तपासायचा नियम लावला. तफावत ११ टक्क्यांवर आली. नग ३१० रुपयांचा. महिन्याला १४० वाचले तर ४३,४०० रुपये.

कामातलं मन परत येताना असंच येतं. भाषणानं नाही, सकारात्मक विचारांनीही नाही. आपण हात लावला आणि काहीतरी हललं, हे डोळ्यांना दिसावं लागतं. चार दुपारच्या नव्वद रीडिंगनी जे केलं ते सहलीनं आणि केक कापून झालं नसतं. पगाराची खंत यानं गेली नाही. सकाळी गाडीला किक मारताना पाय जड होत होता, तेवढा झाला नाही.

बाहेरचा भाव

दरम्यान त्यांनी बाहेरही चाचपणी केली, आणि ते योग्यच होतं. नाशिकचा बाजार लहान आहे. सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर मिळून एका कामाच्या मोजक्या जागा असतात, आणि सगळे क्वालिटी मॅनेजर एकमेकांना ओळखतात. बायोडाटा सगळीकडे फिरवला की चौथ्या दिवशी आपल्याच साहेबांच्या फोनवर येतो. म्हणून दोनच ठिकाणी, ओळखीच्या माणसामार्फत विचारणा केली.

पुण्याजवळच्या चाकणहून ८ लाख २० हजारांची तयारी दिसली. कानाला फार गोड आकडा. त्याच रचनेनं हातात ५८,२९०, म्हणजे नव्या पगारापेक्षा १३,७६७ जास्त. वाटून घेतलेल्या खोलीचे ६,५००, मेसचे ४,०००, दर शनिवार-रविवार नाशिकला यायचे-जायचे ३,६००. बेरीज १४,१००. महिन्याला ३३३ रुपये घरातून घालून मुलीपासून पाच रात्री लांब राहायचं. अख्खं घर हलवलं तर दुकान बंद. एकट्या, बिनलग्नाच्या मुलासाठी हाच आकडा उलटा बोलला असता.

सातपूरचा प्रस्ताव ६ लाख ९० हजारांचा, हातात ४,४९४ जास्त, पण फिरत्या शिफ्टसह. तो त्यांनी नाकारला नाही, वेळ मागून घेतला. हातात एक दार आहे हे कळल्यावर अंबडमध्येही त्या मोकळेपणानं काम करू लागल्या. तो प्रस्ताव साहेबांसमोर धमकी म्हणून ठेवला मात्र नाही. इतक्या लहान बाजारात तसा मिळालेला पगार पुढे दर वर्षी आठवण करून देत राहतो.

ग्रॅच्युइटीचा एक गैरसमज इथे दूर करायला हवा. "नऊ वर्षांची ग्रॅच्युइटी बुडेल" म्हणून लोक अडकून राहतात. पाच वर्षं भरली की राजीनामा दिला तरी ती मिळते: शेवटचा बेसिक गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. २६,१२५ बेसिकवर नऊ वर्षांचे १,३५,६४९ रुपये. चार वर्षं झालेल्यानं थांबण्याचा विचार जरूर करावा. नऊवाल्याला ते कारण नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबर

ऑक्टोबरच्या आढाव्याला तीनपैकी दोन मापं पूर्ण होती. सिन्नरचं दुसरं ऑडिट पुरवठादाराकडून पुढे गेलं, तसं त्यांनी स्वतःच आधी सांगून टाकलं. वर्षाच्या मध्ये पैसे मिळाले नाहीत, मिळणारही नव्हते. पण एप्रिलपासूनचा पगार जिथे ठरतो, तिथला गल्ला जानेवारी-फेब्रुवारीतच पक्का होतो. मार्चच्या अप्रेझल फॉर्ममध्ये लिहिलेलं कितीही खरं असलं तरी तोवर पैसे वाटून झालेले असतात. त्यामुळे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक पान गेलं. वर गेजच्या अभ्यासाचे आधीचे-नंतरचे आकडे आणि महिन्याचे ४३,४०० रुपये, मध्ये मुदतीत गेलेल्या एट-डी रिपोर्टांची तारखांसह यादी, आणि शेवटी एक ओळ: बँडच्या मध्यापर्यंत आणण्यासाठी वार्षिक ६१,००० रुपयांच्या दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवावा ही विनंती.

साहेबांनी ते पान त्याच दिवशी, दोन ओळींची शिफारस जोडून, पुण्याला पाठवलं. बाईंनी घरच्या कॅलेंडरवर ३० एप्रिलला गोल केला आहे. तोवर दुरुस्ती आली नाही तर सातपूरला फोन करायचा, हे नवरा-बायकोत ठरलं आहे.